दारूखाना

'त्यांनी दारू सोडली.' हे वाक्य आज कुणालाही ऐकवा, समोरचा म्हणेल, "वा, चांगलं झालं." शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ऐकवलं असतं तर त्याने कदाचित विचारलं असतं, "कुठे? वरातीत की देवळापुढे?" कारण दारू सोडणं म्हणजे बाण, भुईनळे, चंद्रज्योती सोडणं, असाही त्या वाक्याचा सरळ अर्थ होता. आभाळात सोडायची दारू आणि आयुष्यातून सोडायची दारू, दोन्हींना क्रियापद एकच.

हे डोक्यात घोळायला लागलं ते आमच्या घरातल्या एका जुन्या यादीमुळे. माझ्या पणजोबांच्या लग्नाच्या खर्चाची ही यादी. आत्येभावाने तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक करायचं आमच्याकडे गेली काही वर्षं चाललंय, त्यात घालायला म्हणून. गूळ, तूप, नारळ, सुपाऱ्या, पत्रावळी, वाजंत्री, आणि मग स्वच्छ अक्षरात 'दारू', पुढे साडेचार रुपये. वाजंत्र्यांपेक्षा जास्त! पाच मिनिटांत ग्रुपवर धुरळा. दोघा चुलतभावांनी पणजोबांना मानाचा मुजरा केला. एका मावशीने रामरक्षा म्हणणाऱ्या घराचं काय हे, असं लिहिलं. आणि वडीलधाऱ्यांपैकी एका काकांनी अगदी गंभीरपणे सुचवलं, की पुस्तकात हे पान घेऊ नये.

आता पान वगळायचं म्हणजे पणजोबांच्या लग्नातला सगळ्यात हौसेचा खर्च वगळायचा. ते साडेचार रुपये कुणाच्या पोटात गेले नव्हते, आभाळात गेले होते. मी तसं लिहिलं. काकांना ते पटलं आणि पान राहिलं. चुलतभावांची जरा निराशा झाली, पण इलाज नाही. असो.

मग मात्र मी या शब्दाच्या मागेच लागले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे नावाचे क्युरेटर होते. तपकिरीपासून चण्यापर्यंत कशाचाही इतिहास लिहायचे. १४०० ते १९०० या काळातल्या हिंदुस्थानातल्या दारूकामावरही त्यांचा एक दीर्घ लेख आहे. एकनाथांनी १५७१ साली पूर्ण केलेल्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त श्रीकृष्णाच्या लग्नात दारूकामाची आतषबाजी आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलंय. द्वापारयुगात बंदुकीची दारू कुठून आली, हा प्रश्न नाथांना पडला नाही आणि ते बरंच झालं. त्यामुळे सोळाव्या शतकातल्या पैठणकराला थाटाचं लग्न म्हटलं की काय दिसत होतं, ते आपल्याला कळतं.

त्याच लेखात पेशव्यांच्या बखरीतला एक किस्सा आहे. महादजी शिंदे आयुष्याच्या अखेरीस, १७९२ ते १७९४ या काळात, पुण्यात होते. तरुण सवाई माधवरावांना त्यांनी कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथला राजा शहराबाहेर 'दारूची लंका' करतो: रावण, राक्षस, वानर, सगळे दारूचे. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत उडत सगळी लंका पेटवतो. पेशव्यांनी हट्ट धरला आणि महादजींनी पर्वतीच्या पायथ्याशी तशी लंका उभी करवून दाखवली. पुणेकरांनी तुफान गर्दी केली. 'दारूची लंका' हे शब्द आज कुणी वाचले तर एखाद्या घराची धूळधाण झाली असंच वाटेल. तेव्हा ते मुलांना खांद्यावर बसवून दाखवण्यासारखं काहीतरी होतं.

सणाला सोडायची ती दारू आणि तोफेत ठासायची तीही दारू. मसाला एकच: सोरा, गंधक, कोळसा. साधारण पाऊण हिस्सा सोरा आणि उरलेल्या पावात बाकी दोघे. कोळसाही कुठला तरी चालत नाही, हलका लागतो, म्हणून आपल्याकडे तुरीच्या काड्यांचा करत. ही दारू गडावर कशी ठेवावी याबद्दल रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५) जे सांगितलंय ते वाचताना मला नेहमी एखाद्या काटेकोर गृहिणीची आठवण येते. दारूखाना घराजवळ नसावा, घराच्या वाऱ्याखाली नसावा, भोवती कुंपण असावं, आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. पापडांची काळजी घ्यावी तशी! पण ही काळजी अनुभवातून आलेली असणार. सिंहगडावर पुणे दरवाजातून आत गेल्यावर उजव्या हाताला दगडी दारूकोठार लागतं. कांदाभजी खायला जाणारे त्याच्याकडे बघतही नाहीत. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली आणि गडावरच्या फडणिसांचं घर आतल्या माणसांसकट गेलं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर तोफा डागल्या, गड पेटला आणि १० मे रोजी पडला. तिथलं दारूकोठार अशाच एका गोळ्याने उडालं, असं गडावर सांगतात.

तर आज्ञापत्रातला दारूखाना हा असा. आता तोच शब्द घेऊन तेहरानला जा.

तिथे प्रत्येक चौकात 'दारूखाने' अशी पाटी दिसेल आणि आत पांढरा कोट घातलेला माणूस खोकल्याचं औषध देत असेल. फारसीत दारू म्हणजे औषध, दारूखाने म्हणजे औषधांचं दुकान. मूळ अर्थ हाच. आपण 'दवादारू' म्हणतो तेव्हा नकळत तोच म्हणत असतो, अरबी 'दवा' आणि फारसी 'दारू', दोन्ही एकाच अर्थाचे. कामधंदा, बाजारहाट म्हणावं तसं.

त्याही मागे गेलं तर फारसी दारूचं नातं 'दार' म्हणजे झाड, लाकूड याच्याशी जोडतात. औषध मुळात झाडपाल्याचंच असायचं. संस्कृतातला ऱ्हस्व 'दारु' हा त्याचा भाऊ. देवदार म्हणजे देवांचं लाकूड. दारुहळद म्हणजे हळदीसारखं पिवळं लाकूड. पुरीच्या जगन्नाथाला 'दारुब्रह्म' म्हणतात, कारण मूर्ती लाकडाची. (श्रीकृष्णाच्या सारथ्याचं नाव दारुक होतं. आमच्या शाळेत हे नाव आलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची आणि बाईंचा आवाज चढायचा.) लाकूड कठीण म्हणून दारुण. म्हणजे 'दारूपायी दारुण अवस्था झाली' असं पेपरात येतं तेव्हा दोन लांबचे चुलतभाऊ शेजारी शेजारी बसलेले असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

पण लाकूड ते औषध ठीक आहे. औषधाची बंदुकीची दारू कशी झाली?

याचं उत्तर चीनमध्ये आहे. बंदुकीच्या दारूला चिनी भाषेत 'हुओ-याओ' म्हणतात. हुओ म्हणजे अग्नी, याओ म्हणजे औषध. तिथले रसायनवाले दीर्घायुष्याची रसायनं शोधत गंधक, सोरा, पारा यांची मिश्रणं करत होते. त्यातलं एक मिश्रण आयुष्य वाढवण्याऐवजी दाढ्या जाळायला लागलं. १०४४ सालच्या एका चिनी युद्धग्रंथात त्याच्या कृती लिहिलेल्या सापडतात. पुढे हे ज्ञान पश्चिमेला सरकलं. अरब वैद्य सोऱ्याला 'चीनचा बर्फ' म्हणत आणि इराणी लोक 'चिनी मीठ'. तेराव्या शतकात सीरियातल्या हसन अल-रम्माहने युद्धातल्या अग्निप्रयोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात या मिश्रणाला शब्द वापरला 'दवा'. मग फारसीच्या वाटेने ती आपल्याकडे 'दारू' म्हणून आली यात नवल काय? माल, त्याची कृती आणि त्याचं वैद्यकी नाव, तिन्ही बरोबरच फिरत आले.

शिवाय कामही सारखंच होतं. सोरा आणि गंधक वैद्याच्या फडताळातलेच जिन्नस. खलायचं, चाळायचं, भिजवून वाळवायचं, मोजून भरायचं. आखूड, तोंड वर केलेल्या तोफेला आपण उखळी तोफ म्हणतो, इंग्रजीतही तिचं नाव खलबत्त्यावरूनच, मॉर्टर.

तिसरा अर्थ, प्यायची दारू, हा बहुतेक हिंदुस्थानातच रुजला. अरबीत 'अरक' म्हणजे घाम. भट्टीच्या नळीला जे थेंब फुटतात तो घाम, म्हणून ऊर्ध्वपातनाने काढलेलं ते अरक. (आपल्याकडचे दर्दी 'पहिल्या धारेची' म्हणतात ती याच नळीची धार.) मराठीत याचा झाला अर्क: ओव्याचा, बडीशेपेचा, वैद्याने दिलेला. इराणात अरक म्हटलं की आधी आठवते ती कडक पेयाची बाटली, वनस्पतींचे अर्क नंतर. म्हणजे त्यांचं औषध ती आपली दारू आणि त्यांची दारू ते आपलं औषध. कुठल्यातरी बंदरात दोन पेट्यांची अदलाबदल झाली असावी, असंच वाटतं.

मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) 'दारू'खाली बंदुकीची दारू आणि प्यायची दारू असे दोन्ही अर्थ दिलेत. तेव्हाच्या माणसाला यात गोंधळ वाटत नव्हता. संदर्भावरून कळायचं. कोंकणातल्या आमच्या घरी तर हे अगदी परवापरवापर्यंत चालू होतं.

माझ्या आजीचे धाकटे दीर, म्हणजे माझे चुलत आजोबा, यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून बागायत राखायला. तिची दारू पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून लांब, माजघराच्या पलीकडच्या खोलीत असायची. पावसाळ्यात आजी स्वतः विचारायची, "भाऊजी, दारू कोरडी आहे ना?" ते आज्ञापत्रातल्या हवालदारासारखेच डबा उन्हात ठेवायचे. दुसरी दारूही त्यांच्याकडे असायची. ती गोठ्याच्या वळचणीला, आणि तिच्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. आजोबा वारले त्याआधी काही वर्षं बंदूक विकून टाकली होती. त्यानंतर घरात तो शब्दच बंद झाला. डबा असेपर्यंत 'दारू' हा शब्द स्वयंपाकघरातून ओरडून विचारता येत होता. डबा गेला आणि शब्दाचा उरला तो एकच अर्थ, कुणीही उच्चारायचा नाही असा. मग 'ते घेतात', 'त्यांना सवय आहे', 'जरा बसलेत' अशी सगळी आडवळणं. त्यांचं लिव्हर गेलं तेव्हा आम्हा मुलांना कावीळ सांगितली होती.

आजी मात्र शेवटी एकदा बोलली. मी कॉलेजात होते. ती म्हणाली, "भाऊजींची दवादारू खूप केली गं. पण दारूपुढे दवादारूचं काही चाललं नाही." तिला त्यात काही गंमत वाटली नव्हती आणि मलाही तेव्हा वाटली नाही. तिने एका वाक्यात तोच शब्द दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा अगदी बरोबर वापरला. (घरातली जी मंडळी हे वाचतायत त्यांना हे उघडपणे लिहिलेलं आवडणार नाही, कल्पना आहे. पण लग्नाच्या यादीतलं पान ठेवायचं तर हेही ठेवायला हवं.)

औषध, स्फोटक आणि मद्य यांचा हा गुंता सरकारदरबारीही कधी पूर्ण सुटलेला दिसत नाही. पेशवाईत दारू गाळण्या-विकण्यावर बंदी होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशांवर जो निबंध वाचला त्यात याची माहिती आहे. पण तोफखान्यातल्या ख्रिस्ती गोलंदाजांना आपल्यापुरती दारू गाळायची मुभा होती. म्हणजे ज्याच्या हातात एक दारू त्याच्या पोटात दुसरी गेलेली सरकारला चालत होती. मला विचाराल तर नेमकी याच माणसावर बंदी हवी होती!

पुढे आला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. पारशी समाजातले एफ. एन. बलसारा त्याच्याविरुद्ध कोर्टात गेले. आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, औषधी वाइन, ओ-द-कोलोन, लव्हेंडर वॉटर वगैरे बाळगायचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. कोर्टापुढचा एक प्रश्न अगदी साध्या मराठीत मांडायचा तर असा होता: औषधातली दारू ही दारू की औषध? फारसी जाणणाऱ्या एखाद्या न्यायाधीशाला हसू आलं असतं. आणि ज्यांना प्यायचीच होती त्यांच्यासाठी कायद्याने वाट ठेवली ती कोणती, तर 'आरोग्य परवाना'. डॉक्टरने लिहून द्यायचं, की या गृहस्थांच्या प्रकृतीसाठी हे आवश्यक आहे. साठच्या दशकात बंधनं सैल झाली, पण कायदा नाव बदलून अजून आहे, आणि प्यायला परवाना लागतो तो आजही. अख्खी दोन-तीनशे वर्षं फिरून दारू पुन्हा औषधाच्या चिठ्ठीवर आली.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्याच जिल्ह्यात पुलगावला देशातल्या सगळ्यात मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. बातमीदारांना यात काही वावगं वाटत नाही आणि वाटूही नये. दारूगोळ्यातली दारू आता कुणाच्या कानाला खटकत नाही, कारण ती जोडशब्दात बांधून टाकलेली आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे या भांडारात भीषण आग लागली, अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेली माणसं गेली. अमात्यांनी सांगितलेली कुंपणं आणि मोहोरा आठवल्या मला तेव्हा. तशीच 'शोभेची दारू'. फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला की पेपरवाले आवर्जून हाच शब्द वापरतात. 'शोभेची' हे विशेषण लावल्याशिवाय ती दारू आता समाजात एकटी हिंडू शकत नाही. गुजरातीत अजून थोडी मोकळीक आहे. तिथे 'दारूखानुं' म्हणजे चक्क फटाके. आणि हे दारूबंदीच्या गुजरातेत, दर दिवाळीला, दुकानाच्या पाटीवर.

आपल्याकडचा दारूखाना मुंबईत आहे. हार्बर लाइनवर रे रोडला उतरून पूर्वेला, समुद्राच्या बाजूला चालत जायचं. कंपनी सरकारच्या काळात या किनाऱ्यावर बंदुकीच्या दारूचं काम चालायचं, त्यावरून हे नाव पडलं. इंग्रजीत त्याला पावडर वर्क्स बंदर म्हणतात. पुढे दारू गेली आणि जुनी जहाजं तोडायचा धंदा आला. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीचं लहानपण तिथे गेलंय. लग्न ठरताना तिच्या आईवडिलांनी पत्त्यातला 'दारूखाना' गाळून नुसतं 'रे रोड' लिहिलं होतं, असं ती सांगते. तिला मी तेहरानच्या औषधाच्या दुकानांबद्दल सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

मी एकदाच गेले आहे तिथे. गंजलेले नांगर, माणसाच्या मनगटाएवढ्या साखळ्या, ट्रकांच्या रांगा, हवेत गॅस कटरचा वास. दारूचं दुकान काही दिसलं नाही. औषधाचं एक दिसलं, अगदी छोटं. पुढे रस्ता खाडीकडे वळतो, तिथल्या धक्क्याचं नाव विचारलं. एक हमाल म्हणाला, "लकडी बंदर."

दारूखान्यात लकडी बंदर! दारु म्हणजे लाकूड. त्याला हे सांगायचा मोह झाला होता, पण त्याच्या डोक्यावर ओझं होतं.